लोकसेवेतील सबबी आणि समर्थने : जालना जिल्ह्यातील अतिवृष्टी अनुदानाच्या संदर्भात

शासकीय मराठीत ‘सबब’ हा शब्द ‘म्हणून’ या अर्थानेही येतो. व्यवहारात मात्र तो दोषातून सुटण्यासाठी पुढे केलेले कारण दर्शवितो. तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ मध्ये सबब आणि समर्थन यांतील भेद स्पष्ट केला. समर्थन करणारा कृतीची जबाबदारी स्वीकारतो, पण ती अयोग्य असल्याचे नाकारतो. सबब सांगणारा कृती अयोग्य असल्याचे मान्य करून जबाबदारी टाळतो.

जालना जिल्ह्यातील अंबड व घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टी अनुदानाच्या वाटपात गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून २०२५ मध्ये तलाठ्यांसह अनेक महसूल कर्मचारी निलंबित झाले. व्यक्तिगत दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम होय. येथे विचार आहे तो अशा कामात संभवणाऱ्या सबबींचा.

पीक नुकसानीचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक (ही पदनामे आता बदलली आहेत) संयुक्तपणे करतात. त्यावरील यादी तहसील स्तरावरून संगणक प्रणालीत भरली जाते. तीन सह्यांमागील हेतू परस्पर पडताळणीचा आहे. ‘तिघांच्याही सह्या आहेत’ असे म्हणताच तीच तरतूद कोणाचीच जबाबदारी न उरण्याचे साधन बनते. डेनिस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये मांडलेला ‘अनेक हातांचा प्रश्न’ तो हाच. संगणकाने त्यात आणखी एका हाताची भर घातली : ‘लॉगिन साहेबांचे, नोंद ऑपरेटरची.’ परंतु परवलीचा शब्द दुसऱ्याच्या स्वाधीन करणे हीदेखील कृतीच असल्याने ही सबब दुसऱ्या दोषाची कबुली ठरते.

‘वरून तोंडी आदेश होता’ ही सबब महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ३ ने आधीच गृहीत धरलेली दिसते. वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी घ्यावा, अन्यथा नंतर त्याची लेखी पुष्टी मिळवावी, असे तो सांगतो. अर्थात, साहेबांकडे लेखी आदेश मागणाऱ्या कनिष्ठाची पुढे काय गत होते, याविषयी नियम मौन बाळगतो.

कामाच्या ताणाची सबब मात्र सरसकट फेटाळता येत नाही. एका सज्जात अनेक गावे, चिखलाचे रस्ते आणि अहवालासाठी मोजकेच दिवस असता बाधित क्षेत्राचा आकडा चुकू शकतो, एखादा शेतकरी सुटूही शकतो. परंतु गावात जमीनच नसलेल्या व्यक्तीचे नाव यादीत कसे आले, याचा उलगडा त्यातून होत नाही. आणि अशी नावे आढळली की संपूर्ण यादी फेरतपासणीस जाते. ज्याचे पीक खरोखर वाहून गेले, तो शेतकरी सातबारा घेऊन पुन्हा तहसीलच्या रांगेत उभा राहतो.