विश्लेषण : पोलंडचे घोडदळ खरेच रणगाड्यांवर चालून गेले होते का?

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की एक किस्सा हमखास फॉरवर्ड होतो. पोलंडचे घोडेस्वार भाले घेऊन जर्मन रणगाड्यांवर धावून गेले आणि चिरडले गेले. शूर, पण खुळे! प्रत्यक्षात असे घडलेच नव्हते.

मग घडले काय?

१ सप्टेंबर १९३९, युद्धाचा पहिलाच दिवस. संध्याकाळी क्रोयान्ती गावाजवळ १८व्या उलान रेजिमेंटच्या घोडेस्वारांनी तलवारी उपसून जर्मन पायदळावर हल्ला केला. रणगाड्यांवर नव्हे. पायदळ पांगले. तेवढ्यात जर्मनांच्या चिलखती गाड्या आल्या आणि मशिनगनच्या माऱ्यात कर्नल काझिमिएश मास्तालेश यांच्यासह अनेक जण मारले गेले. मात्र या हल्ल्यामुळे माघार घेणाऱ्या पोलिश तुकड्यांना वेळ मिळाला. दुसऱ्या दिवशी तिथे आणलेल्या इटालियन पत्रकारांना मेलेले घोडे आणि जर्मन रणगाडे एकत्र दिसले, आणि गोष्ट तयार झाली. नाझी प्रचारयंत्रणेला ती आयतीच मिळाली.

त्याच दिवशी मोक्रा गावात मात्र घोडदळाची गाठ खरोखर रणगाड्यांशी पडली होती. तिथे सैनिक घोड्यांवरून उतरून लढले. ३७ मिमीच्या रणगाडाविरोधी तोफा, रणगाडाभेदी रायफली आणि एक चिलखती रेल्वेगाडी यांच्या जोरावर त्यांनी जर्मनांच्या चौथ्या पॅन्झर डिव्हिजनला दिवसभर रोखले. हा किस्सा कोणी फॉरवर्ड करत नाही.

पोलंड किती दिवस लढला?

पाच आठवडे. वेस्टरप्लाट येथे सुमारे २०० सैनिकांनी सात दिवस किल्ला लढवला. बझुरा नदीकाठी पोलंडने मोठा प्रतिहल्ला केला. वॉर्सा २८ सप्टेंबरला पडले.

सुरुवातच अडचणीत झाली होती. ब्रिटन आणि फ्रान्सच्या दबावामुळे सर्वसाधारण लामबंदी एक दिवस लांबली, त्यामुळे हल्ला झाला तेव्हा अनेक सैनिक आपल्या तुकड्यांपर्यंत पोहोचलेच नव्हते. या दोघांनी ३ सप्टेंबरला युद्ध पुकारले खरे. पण फ्रेंच सैन्य सारच्या सीमेवर थोडे पुढे सरकले आणि परतले. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजाही घुसल्या. तरीही जनरल क्लेबर्ग यांची शेवटची मोठी तुकडी ६ ऑक्टोबरपर्यंत लढत राहिली. दारूगोळा संपल्यावरच तिने शस्त्रे ठेवली. पोलंडच्या सरकारने शरणागतीवर सही कधीच केली नाही. ते आधी फ्रान्समधून, मग लंडनमधून चालत राहिले.

कोल्हापूरशी संबंध काय?

सोव्हिएत ताब्यातील पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार करण्यात आले. त्यांपैकी सुटून आलेल्या सुमारे पाच हजार जणांना १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत आसरा मिळाला. त्यात बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. वॉर्सामध्ये आज कोल्हापूरच्या नावाने स्मारक आहे, ते याच आठवणीसाठी.