आठ महिने गोठलेले तळे



पाड्यावर विहीर झाली की आपण देवाचे आभार मानतो. पण वापरलेले पाणी जाते कोठे, हेही विचारायला हवे, असे मला वाटते. कॅनडाच्या अतिउत्तरेतील पाँड इनलेट गावाचे उदाहरण पाहा.

तेथे सुमारे १,५०० वस्ती, बहुतेक इनुइट आदिवासी. जमीन कायम गोठलेली, त्यामुळे गटारे खणणे फार अवघड. पाणी टँकरने येते. घरच्या टाकीतले सांडपाणी दुसरा टँकर गावाबाहेरच्या तळ्यात नेऊन ओततो.

वर्षातले आठ-नऊ महिने तळ्यावर बर्फ असतो. तेव्हा तळे फक्त साठवण करते. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. त्या उजेडात शेवाळ वाढू शकते व प्राणवायू सोडते, त्याच्या आधारे जिवाणू घाण खातात आणि गाळ तळाशी बसतो. हिवाळ्यापूर्वी वरचे निवळलेले पाणी सोडतात, ते शेवटी समुद्राला मिळते.

त्याच समुद्रातले मासे आणि सील त्यांच्या ताटात येतात. तळे लहान पडले, तर घाण पाणी वेळेआधीच सोडावे लागते. म्हणून वर्षभराचे सांडपाणी मावेल एवढे तळे हवे.

आपल्या पाड्यांवरही विहिरीसोबत शोषखड्डा हवाच. देताना व प्रार्थना करताना याची आठवण ठेवावी.