तीन वाटे धान्य, एक वाटा डाळ

झुणका-भाकरीचा जमाखर्च एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. दोन मध्यम भाकऱ्यांना साधारण १०० ग्रॅम ज्वारीचे पीठ लागते आणि त्यातून १० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. माणशी ४० ग्रॅम बेसनाचा झुणका केला की आणखी आठ-एक ग्रॅमची भर पडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशोबाने ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा एका बैठकीत पदरात पडला. ज्वारी ५० रुपये किलो, बेसन ११० आणि तेल १५० असे धरले तर पीठ, बेसन आणि दोन चमचे तेल मिळून खर्च ११-१२ रुपयांच्या घरात राहतो. १९९५ साली महाराष्ट्र सरकारने एका रुपयात झुणका-भाकर द्यायची योजना काढली होती. त्या योजनेचे पुढे काय झाले तो वेगळा विषय. निवडलेला पदार्थ मात्र आहारशास्त्राच्या कसोटीवर चोख होता. किन्वा, चिया आणि डब्यातल्या प्रथिन पावडरीमुळे ‘पौष्टिक म्हणजे महाग’ हे समीकरण आता शहरांत पक्के झाले आहे. पण साध्या जेवणाची प्रत एखाद्या महागड्या जिनसेवर अवलंबून नसते. ती धान्य आणि डाळ यांच्या प्रमाणावर ठरते, आणि आपल्या ताटात नेमके तेच बिघडले आहे.

प्रमाणाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर प्रथिनांच्या रचनेत सापडते. प्रथिने अमिनो आम्लांची बनतात आणि त्यांतली नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. ज्वारी किंवा गव्हाच्या प्रथिनांत यांपैकी लायसिन हे आम्ल गरजेच्या निम्म्याच्या आसपासच असते. एक आम्ल कमी पडले की बाकीची भरपूर असूनही शरीराला त्यांतून नवी प्रथिने पुरेशी बांधता येत नाहीत. विटांचा ढीग आहे आणि सिमेंट संपले, अशी अवस्था होते. म्हणून ‘प्रथिने कमी पडतात ना, मग आणखी दोन पोळ्या खा’ हा सल्ला फारसा कामाचा नाही. डाळी-कडधान्यांत लायसिन मुबलक असते. त्यांच्यात उणीव असते मेथिओनिनची, आणि ते धान्यांत बरे असते. वरण-भात, खिचडी, थालीपिठाची भाजणी, मेतकूट हे सगळे या एकाच देवाणघेवाणीचे प्रकार आहेत. दोन्ही एकाच घासात हवेत असेही नाही. फ्रान्सिस मूर लापे या अमेरिकी लेखिकेने १९७१ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात शाकाहारींनी पदार्थांच्या जोड्या मोजूनमापून जुळवाव्यात असा आग्रह धरला होता. १९८१ च्या आवृत्तीत तिनेच तो मागे घेतला. दिवसभरात दोन्ही पोटात गेले तरी भागते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० कॅलरींच्या ताटासाठी दिवसाला २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सांगितली आहेत. सरळ तीनास एक. प्रत्यक्षात देशात डाळ किती आहे? १९६१ साली माणशी दिवसाला ६९ ग्रॅम डाळ उपलब्ध होती. २००१ साली ती ३० ग्रॅमवर आली. नंतर आकडा सावरला, तरी जुन्या पातळीला पोचला नाही. या घसरणीत कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. हरितक्रांतीने गहू आणि तांदूळ यांना सुधारित बियाणे, पाणी, खत आणि हमखास सरकारी खरेदी दिली. तूर, मूग, मटकी बहुतांशी कोरडवाहू रानात पावसाच्या भरवशावर राहिली. भूक हटली हे मोठेच काम झाले, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण तोच कल पुढे कायद्यातही उतरला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने बहुसंख्य लाभार्थ्यांना माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला, डाळीचा नाही. पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. शिफारशीतल्या धान्याचा मोठा वाटा रेशनवर येतो आणि महिन्याची अडीच किलो डाळ मात्र बाजारभावाने घ्यावी लागते. हातात पैसा कमी असला की कात्री कुठे लागणार हे उघड आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: डाळ महाग आहे. किलोचे भाव शेजारी ठेवले तर आहेच. पण किलोवर तुलना करणे हीच गफलत आहे. दहा ग्रॅम प्रथिने कितीला पडतात ते पाहावे. हरभरा १०० रुपये किलो धरला तर दहा ग्रॅम प्रथिने पाच रुपयांना पडतात. शेंगदाणे १४० रुपये किलो असतील तर सहा रुपयांना, तूरडाळ १५० असेल तर सात रुपयांना. सात रुपयांच्या अंड्यात साडेसहा ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅमला अकरा रुपये. ६० रुपये लिटरच्या दुधातून तीच प्रथिने १८-१९ रुपयांना मिळतात. वनस्पतीजन्य प्रथिने थोडी कमी पचतात म्हणून हरभऱ्याच्या खात्यातून चौथा हिस्सा वजा केला तरी तो अंड्या-दुधाहून स्वस्तच पडतो. भाव रोज हलतात, वाचकाने आपल्या दुकानातले आकडे घालून हा हिशोब पुन्हा करावा. मात्र तूरडाळीचा भाव कडाडला की सगळ्याच डाळी महागल्या, असे आपण धरून चालतो. हरभरा, मटकी, कुळीथ, चवळी, मसूर यांतले काही ना काही बहुधा तिच्याहून स्वस्त असते. वरण तुरीचेच हवे, ही जिभेची सवय आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा. कडधान्याने वात होतो, हे खरे आहे आणि त्याचे कारणही ठाऊक आहे. त्यांतल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा तोडणारे विकर माणसाच्या आतड्यात नसते. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू सुटतो. रात्रभर भिजवून पाणी फेकले की या शर्करांचा बराच भाग जातो. मोड आणले की बियाणे उरलेल्यातल्या काही स्वतःच खर्च करते. शिवाय मोड येताना लोह आणि जस्त अडवून ठेवणारे फायटेट घटते आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले ‘क’ जीवनसत्त्व तयार होऊ लागते. भिजलेला दाणा लवकर शिजतो, म्हणून गॅसही वाचतो. मटकीची उसळ करणाऱ्या घरांनी हे रसायन कधी वाचले नव्हते, पण ते वापरले मात्र नेमाने.

डाळीने सगळे भागते असा दावा करणे चुकीचे ठरेल. ‘ब-१२’ जीवनसत्त्व डाळीत नाही, धान्यात नाही, भाजीतही नाही. त्यासाठी दूध, दही, ताक, अंडी किंवा मासळी लागते, आणि यातले काहीच न खाणाऱ्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीच घ्यावी लागते. झुणका-भाकरीत ‘क’ जीवनसत्त्वही तुटपुंजे आहे. वर पिळलेले लिंबू, एखादा पेरू किंवा आवळा ती तूट भरून काढतो आणि धान्य-डाळीतले लोह शोषायलाही मदत करतो. जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमके उलटे करतो, त्यातली टॅनिने लोहाला धरून ठेवतात. चहा तास-दीड तासाने घ्यायला काहीच खर्च येत नाही. राजगिरा, शेवगा, मेथी यांची पालेभाजी आठवड्यात जितके दिवस जमेल तितकी हवी. भाज्या-फळांचा ४०० आणि १०० ग्रॅमचा सरकारी कोटा मात्र अनेक कुटुंबांना परवडणार नाही, हे मान्य केले पाहिजे. तिथे उपदेश कामाचा नाही, मिळकत वाढायला हवी.

हिशोब घरापर्यंत आला की आणखी एक गोष्ट दिसते. स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, एका डाळीवर सगळे ढकलता येणार नाही. पण बऱ्याच घरांत वरणाचे पातेले आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या पानाकडे जाते, डावाबरोबर तळाची डाळ वर येते आणि कमी पडू नये म्हणून मधेच तांब्याभर पाणी घालून आमटी वाढवली जाते. वाढणारी शेवटी जेवायला बसते तेव्हा भाकरी शिल्लक असते आणि पातेल्यात असते फोडणीचे पाणी. घराची महिन्याची डाळ वजनाला पुरेशी भरली तरी तिच्या ताटातले प्रमाण दहास एकही नसते.