हिशेब मंदावतो तेव्हा

नेकनूरच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदे करणारे माझे चुलते सत्तरीत अडखळू लागले. बैल कुणाचा, कुठल्या गावचा, हे सारे आठवे. पण हिशेब जुळायला वेळ लागे. पावलेही आखूड पडू लागली. ‘वय झालं,’ सगळे म्हणाले. एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात डाग दिसले, तेव्हा मी वाचू लागलो.

या भागाला केसासारख्या बारीक धमन्या रक्त पुरवतात. वर्षानुवर्षे रक्तदाब चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते आणि मेंदूचे भाग परस्परांना जोडणारे तंतू झिजतात. म्हणून आठवणींच्या कोठारापेक्षा तिथे जाणारी वाट आधी बिघडते. विचार मंदावतो, एका वेळी दोन कामे जमत नाहीत. विसरलेले नाव मात्र थोडे सुचवले की बहुधा आठवते. अल्झायमरमध्ये सुचवूनही सहसा आठवत नाही. पुष्कळदा दोन्ही आजार एकत्रही असतात.

ऑटो बिन्सवांगर यांनी असे रुग्ण १८९४ मध्येच वर्णिले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२०च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात सौम्य बौद्धिक घटीचा धोका सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळला.

बैल घेताना आम्ही दात पाहतो. चुलत्यांचा रक्तदाब सत्तरीपर्यंत कुणी मोजला नव्हता.