दोगोचें स्नानगृह

जपानच्या शिकोकु बेटावर मात्सुयामा नांवाचें शहर आहे. त्याच्या एका अंगास, टेकड्यांच्या पायथ्याशीं, दोगो येथें ऊन पाण्याचे झरे आहेत. पाय दुखावलेला एक बगळा या पाण्यांत उभा राहून बरा झाला आणि तें पाहून माणसें येथें स्नानास येऊं लागलीं, अशी तिकडील दंतकथा आहे. स्नानगृहाच्या शिखरावर आजहि बगळ्याची मूर्ति दिसते.

सध्यांची तीन मजली लांकडी इमारत १८९४ सालची. जुनें स्नानगृह मोडकळीस आलें होतें; परंतु एवढ्याशा गांवानें इतका खर्च कां करावा, म्हणून नगराध्यक्ष इसानिवा युकिया यास लोकांनीं कडाडून विरोध केला. शंभर वर्षांनींहि इतरांस साधणार नाहीं असें कांहीं उभारलें, तरच त्याला अर्थ, हा त्याचा हेका. तो अखेर खरा ठरला, हें त्याच्या विरोधकांच्या नातवंडांनींहि कबूल केलें असेल!

आंत जातांना जोडे दाराशींच काढून ठेवावे लागतात. स्त्रीपुरुषांचीं स्नानें वेगळीं. कपडे सर्व उतरवून प्रथम बाजूस बसून अंग साबणानें स्वच्छ धुवावयाचें, साबणाचा अंशहि राहूं द्यावयाचा नाहीं, आणि मग दगडी हौदांत उतरावयाचें. हौद मळ काढण्यासाठीं नाहीं, तें पाणी सर्वांचें आहे. म्हणून पंचासुद्धां त्यांत बुडवीत नाहींत. या पाण्यास ना सरपण लागतें, ना विसण. अठरा झऱ्यांचें २० ते ५५ अंशांपर्यंतचें पाणी एकत्र करूनच तें सुमारें ४२ अंशांवर आणलेलें असतें. नवख्यास तें चटका देतें खरें. पण थोडा धीर धरला कीं अंग सैल पडतें. स्नानोत्तर ज्यादा दाम देणाऱ्यास माडीवर चटईवर बसून चहा घेतां येतो.

नात्सुमे सोसेकी हा कादंबरीकार १८९५ सालीं मात्सुयामास शिक्षक म्हणून आला. त्याच्या १९०६ सालच्या 'बोच्चान' या कादंबरीचा नायक येथील हौदांत पोहतो, आणि लवकरच तेथें पोहण्यास मनाई करणारी पाटी लागते. ती थट्टा गांवानें मनावर घेतली असून तशी पाटी आज तेथें खरोखरीच आहे.

हें सारें वैभव जमिनीच्या मर्जीवर अवलंबून आहे. डिसेंबर १९४६ च्या भूकंपांत झरे एकाएकीं आटले. पाणी परत येईतों ज्या गांवाचें पोट स्नानार्थींवर, त्याच्या जिवांत जीव नव्हता.

१९९४ सालीं ही इमारत राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ति ठरली. अशा वास्तूला कुलूप लावून ती जपणें सोपें होतें. दोगोनें तसें केलें नाहीं. जानेवारी २०१९ पासून दुरुस्ती सुरू झाली, तेव्हां एका भागांत सुतार काम करीत आणि दुसऱ्या भागांत लोक स्नान करीत. जुलै २०२४ मध्यें संपूर्ण इमारत पुन्हां उघडली. शिखराखालच्या खोलींतला नगारा सकाळीं सहाला वाजतो, तेव्हां पहिले स्नानार्थी आंत शिरतात.