लाकडात कोरलेलं पाणी

जपानी चित्रकार होकुसाईच्या एका छापचित्रात खडकाच्या टोकावर एक कोळी वाकून उभा आहे. त्याच्या मुठीतून दोऱ्या तिरप्या उतरत पाण्यात शिरल्या आहेत. शेजारी एक पोरगं बसलं आहे, खाली नदी उसळते आहे आणि धुक्याच्या वर फुजी पर्वत दिसतो. ही जागा काई प्रांतातली, म्हणजे आजच्या यामानाशीतली, फुजी नदीकाठची काजिकाझावा. चित्र १८३० नंतरच्या दोन-तीन वर्षांतलं, ‘फुजीची छत्तीस दृश्यं’ या मालिकेतलं. खडकाची कड आणि त्या दोऱ्या यांवरून नजर फिरवली की एक त्रिकोण तयार होतो, आणि तो मागच्या फुजीच्या त्रिकोणाला उत्तर दिल्यासारखा उभा राहतो. दोऱ्या ताठ, सरळ. पाण्याच्या रेषा मात्र वळणावळणाच्या, एकीत एक अडकलेल्या. सुरुवातीच्या प्रतींमध्ये हे सगळं जवळजवळ एकट्या निळ्या रंगात छापलेलं आहे. नंतरच्या प्रतींत हिरवा, पिवळा आणि फिका गुलाबी आला, आणि माझ्या मते चित्राचा कणखरपणा तिथे थोडा उणावला.

पाण्याच्या जुन्या जपानी चित्रांकडे आपण बहुतेक वेळा ‘किती सुंदर!’ म्हणून पाहतो आणि पान उलटतो. पण प्रत्येक चित्रासमोर एकच प्रश्न विचारून पाहावा: इथलं पाणी रेषेनं दाखवलं आहे की रंगानं? पाण्याला स्वतःची कड नसते. त्यामुळे रेषा कुठे घालायची आणि कुठे अजिबात घालायची नाही, हा चित्रकारानं विचार करून घेतलेला निर्णय असतो. तो निर्णय दिसू लागला की चित्र पाहायला वेळ पुरत नाही.

आधी ही चित्रं कशी होत, ते थोडक्यात. ‘उकियो-ए’ म्हणून ओळखली जाणारी ही चित्रं लाकडी ठशांवरून छापली जात. अनेक रंगांत छापण्याचं तंत्र १७६५ च्या सुमारास एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रुळलं. चित्रकार पातळ कागदावर शाईनं रेखाचित्र काढी. कोरक्या तो कागद उलटा करून रानचेरीच्या फळीवर चिकटवी आणि रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकी. रेषा उंच उरे, मूळ रेखाचित्र या कामातच संपून जाई. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला कोरलेल्या खुणांना कागद टेकवला की रंग एकमेकांवर नेमके बसत. छपाईला यंत्र नव्हतं. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला चिवट कागद ठशावर ठेवायचा आणि बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या ‘बारेन’ नावाच्या चकतीनं पाठीमागून घासायचा. सारा व्यवहार प्रकाशकाच्या हाती असे. चित्राचा नेहमीचा आकार साधारण २५ × ३७ सेंटिमीटर, म्हणजे एखादा दिवाळी अंक उघडून समोर धरलात तर जवळपास तेवढाच. ही दिवाणखान्याच्या भिंतीसाठी केलेली चित्रं नव्हती. ती हातात घेऊन, जवळून पाहायची होती.

म्हणून रेषेचं खरं श्रेय दोघांचं आहे. आपण होकुसाईची रेषा म्हणतो, पण तिला धार देणारा हात कोरक्याचा.

पाण्याच्या रेषेत होकुसाईनं किती प्रकार केले, हे पाहायचं तर त्याची धबधब्यांची आठ चित्रांची मालिका पाहावी. तीही १८३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. निक्को परिसरातल्या किरिफुरी धबधब्यात पाणी डोंगरावर झाडाच्या मुळांसारखं फाटे फोडत उतरतं. खाली उभे असलेले यात्रेकरू मान वर करून पाहत आहेत. किसो रस्त्याच्या टोकाच्या अमिदा धबधब्यात वर एक गोल पोकळी आहे, तिच्यात पाण्याच्या वळणदार रेषा फिरत आहेत, आणि कड्यावरून खाली येताच त्याच पाण्याच्या सरळ, उभ्या, ताठ पट्ट्या होतात. हे डोळ्यांना दिसतं तसं पाणी नाही. गोलातलं पाणी वरून पाहिल्यासारखं आणि पडणारं पाणी समोरून पाहिल्यासारखं, अशा दोन नजरा त्यानं एका चित्रात बसवल्या. बाजूच्या कड्यावर काही प्रवासी खाण्यापिण्याचं सामान मांडून निवांत बसले आहेत. मला होकुसाईच्या साऱ्या कामात ही मालिका सर्वांत धीट वाटते, त्या जगप्रसिद्ध लाटेपेक्षाही.

लाटेचा विषय मात्र टाळता येत नाही, कारण रंगाची गोष्ट तिथूनच सुरू होते. अठराव्या शतकातल्या जपानी चित्रांत पाण्याच्या निळ्यासाठी अनेकदा एका रानफुलाचा रंग वापरत. ते फूल आपल्याकडच्या केनाच्या कुळातलं. रंग नाजूक, पण ओल आणि उजेड त्याला सोसत नाही; म्हणून त्या काळातल्या कितीतरी नद्या आज पिवळट, मातकट दिसतात. ते पाणी एके काळी निळं होतं, हे लक्षात ठेवूनच ती चित्रं पाहावी लागतात. दुसरा रंग नीळ. ती टिके, पण छपाईत तिला खोली आणणं अवघड. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये अपघातानं सापडलेला प्रशियन निळा परदेशी व्यापारातून जपानला पोहोचला आणि १८३० च्या सुमारास छापणाऱ्यांना परवडेल इतका स्वस्त झाला. गडदही आणि पाणी मिसळलं तर पारदर्शकही होणारा हा निळा होता. निशिमुराया योहाची या प्रकाशकानं १८३१ मध्ये होकुसाईच्या फुजी मालिकेची जाहिरात केली तेव्हा निळ्या छपाईचा मुद्दाम उल्लेख केला होता.

‘कानागावाच्या समुद्रातली लाट’ हे त्या मालिकेतलंच चित्र. त्यातल्या कडेच्या रेषा काळ्या नाहीत, गडद निळ्या आहेत. त्या निळ्यात नीळ आणि प्रशियन निळा दोन्ही आहेत, हे रासायनिक तपासणीतून कळलं आहे. मालिकेची पहिली छत्तीस चित्रं अशीच निळ्या रेषांची. मागणी वाढल्यावर जोडलेल्या दहा चित्रांत मात्र काळी शाई आली. रेषाच निळी असल्यामुळे लाटेत रेषा कुठे संपते आणि रंग कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. लाटेखाली तीन लांबट होड्या आहेत, ताज्या मासळीची ने-आण करणाऱ्या. वल्हेकरी खाली वाकून होडीला बिलगले आहेत. फेसाचे ठिपके दूरच्या लहानशा फुजीवर बर्फासारखे पडताना दिसतात. या चित्राच्या शंभराहून अधिक प्रती आज माहीत आहेत आणि त्या एकसारख्या नाहीत. अनेक छपायांनंतर ठसा झिजला. शीर्षकाच्या चौकटीची रेषा तुटली. आकाशातला फिका गुलाबी बहुतेक प्रतींतून विटून गेला, त्यामुळे तिथला ढगही दिसेनासा झाला. २०२४ च्या जुलैत हीच लाट जपानच्या हजार येनच्या नव्या नोटेवर आली.

हिरोशिगे या दुसऱ्या चित्रकाराचा स्वभाव वेगळा. होकुसाई पाण्याला रेषेत पकडतो. हिरोशिगे बऱ्याचदा रेषा काढूनच टाकतो आणि काम रंगाच्या उतरत्या छटेवर सोपवतो. या छटेला ‘बोकाशी’ म्हणतात. छापणारा ठसा ओला करतो, एका कडेला रंग लावतो आणि ब्रशनं तो ओलाव्यात विरत नेतो. दर कागदाला हे नव्यानं करावं लागतं, म्हणून एका चित्राच्या दोन प्रतींत पाण्याची छटा तंतोतंत सारखी येत नाही.

त्याचं मला सर्वांत आवडणारं चित्र म्हणजे १८५७ मधलं, शिन-ओहाशी पुलावरच्या अचानक आलेल्या सरीचं. सुमिदा नदीवर लाकडी पूल आहे, पुलावर छत्री किंवा चटई डोक्यावर घेऊन पळणारी माणसं, मागे लाकडांचा तराफा हाकणारा एकटा माणूस, पलीकडच्या काठाची करडी आकृती आणि माथ्यावर काळा ढग. पावसाच्या रेषा दोन ठशांवर कोरल्या आहेत आणि दोन्हींचा कल किंचित वेगळा आहे, त्यामुळे सर एकसुरी वाटत नाही. त्यातली प्रत्येक रेषा म्हणजे कोरक्यानं फळीवर शिल्लक ठेवलेली धाग्याइतकी बारीक धार. सुरी जरा घसरली की ती तुटायचीच. पावसाच्या या इतक्या रेषांखाली नदीत मात्र एकही रेषा नाही. नुसता निळा, कुठे गडद, कुठे फिका. व्हॅन गॉगनं १८८७ मध्ये पॅरिसमध्ये याच चित्राची तैलरंगात नक्कल केली, तेव्हा त्यानं नदी आखूड आखूड फटकाऱ्यांनी भरून टाकली. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की हिरोशिगेनं काय टाळलं होतं, ते लगेच कळतं.

विसाव्या शतकात वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकानं चित्रकार, कोरक्या आणि छापणारा यांची जुनी साखळी पुन्हा जोडली. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत त्याच्याकडचे ठसे जळून गेले, तरी काम थांबलं नाही. त्याच्यासाठी काम करणारा कावासे हासुई रात्रीच्या पाण्याचा चित्रकार. उजेडाची एक खिडकी आणि पाण्यात लांबलेलं तिचं पिवळं प्रतिबिंब, एवढ्यावर त्याचं चित्र उभं राहतं.

योशिदा हिरोशी मात्र प्रकाशकावर विसंबला नाही. त्यानं स्वतःचे कोरके आणि छापणारे ठेवले आणि आपल्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींच्या समासात तशी मोहोर उमटवली. १९२६ मधली त्याची शिडांच्या होड्यांची चित्रं पाहाच. सेतोच्या अंतर्गत समुद्रातलं दृश्य एकच आहे. तेच ठसे वेगवेगळ्या रंगांत छापून त्यानं सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र अशा वेळा मिळवल्या. रेषा जागच्या जागी, आणि पाणी दर वेळी वेगळं. रंग काय करू शकतो, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

हाच योशिदा १९३०-३१ मध्ये मुलासह भारतात फिरला. अजिंठ्याच्या लेण्याचं छापचित्र त्यानं केलं, बनारसचे घाट केले, उदयपूरच्या तलावातले महाल केले. जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी अशी अनेक चित्रं आता संकेतस्थळांवर मोठ्या आकारात खुली केली आहेत. पडद्यावर ती वाढवून पाहताना पाण्याच्या सपाट निळ्यात बारीक आडव्या रेघा दिसतील. त्या कुणी काढलेल्या नाहीत. ते फळीचं मूळचं लाकूड आहे, आणि चांगला छापणारा ते लपवत नसे, उलट पाण्याच्या दिशेनंच त्याचा उपयोग करून घेई.