काच घडते पाण्यात

तोंडवलीच्या किनाऱ्यावरची मूठभर वाळू घेतली, तर तिच्यात शिंपल्यांचा चुरा आढळतो, काही काळे कण आढळतात आणि त्यांच्या जोडीला गारगोटीचे कण असतात. गारगोटी म्हणजे सिलिका. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची ही गाठ इतकी पक्की की, ती सोडवून नव्या आकारात बांधायची तर माणसाला भट्टी पेटवावी लागते. शुद्ध गारगोटी १,७०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. सोडा नि चुना घालून हे मान खाली आणले, तरी काचेच्या भट्टीला सुमारे १,५०० अंशांची आच लागतेच.

आता समुद्रतळाशी खडकाला चिकटून बसलेल्या स्पंजाकडे पाहू. त्याच्याजवळ भट्टी नाही, कोळसा नाही. आहे ते खारे पाणी आणि त्यात विरघळलेली अत्यल्प सिलिका. एवढ्या भांडवलावर स्पंजाच्या अनेक जाती काचेच्या बारीक सुया घडवतात. त्यांना कंटिका म्हणतात. (अंघोळीच्या स्पंजात त्या नसतात, हे आपले नशीबच!)

कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे डॅनियल मोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेथिया नावाच्या नारिंगी स्पंजाच्या कंटिका तपासल्या. प्रत्येकीच्या गाभ्यातून प्रथिनाचा एक तंतू गेलेला होता. १९९८ साली त्यांनी या प्रथिनाची ओळख पटवून त्याला सिलिकॅटीन हे नाव दिले. ते एन्झाइम निघाले. एन्झाइम म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे सजीवांतील प्रथिन. भाकरी चावता चावता गोड लागते ती लाळेतल्या अशाच एका एन्झाइमामुळे. गंमत अशी की, आपल्या पेशींत प्रथिनांचे तुकडे करणारे कॅथेप्सिन हे या सिलिकॅटीनचे जवळचे भाऊबंद आहे. एक भाऊ तोडतो, दुसरा जोडतो.

१९९९ साली हे तंतू, ना आम्ल ना अल्क अशा उदासीन पाण्यात, सिलिकॉनच्या एका सेंद्रिय संयुगाबरोबर ठेवण्यात आले. साध्या तपमानाला त्यांच्यावर सिलिकेचा थर चढला. एरवी ते संयुग लवकर फोडायचे तर आम्ल किंवा अल्क घालावे लागते. तेच तंतू आधी तापवून प्रथिनाची घडी मोडली, तेव्हा मात्र काम थांबले. म्हणजे करामत तंतूत नव्हती, त्याच्या घडीत होती. तेथे अडकलेल्या संयुगाचा बंध पाणी घेऊन तुटतो, आणि मोकळे झालेले रेणू पाणी टाकून एकमेकांना जुळत जातात. आच नसल्यामुळे औषधासारखी नाजूक वस्तूही अशा सिलिकेत न बिघडता कोंडता येण्याची शक्यता निर्माण होते. आमच्या मते या शोधाचे खरे मोल येथे आहे.

असा प्रयत्न आपल्या पुण्यातही झाला. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि विपुल बन्सल यांनी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीला कामाला लावले. ही तीच बुरशी, जिच्या एका प्रकाराने हरभऱ्याला मर रोग होतो! २००५ साली त्यांनी वाळूतून आणि २००६ साली भाताच्या तुसातून तिच्याकरवी सिलिका काढून घेतली. तुसातील सिलिका बेढब, अस्फटिकी असते. बुरशीने ती साध्या तपमानाला स्फटिकी करून, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन ते सहा पट एवढ्या कणांच्या रूपाने द्रावात सोडली. येथे सिलिकॅटीन नव्हते. बुरशीने बाहेर टाकलेली प्रथिने होती.

तोंडवलीकरांना यात काय, असे कोणी विचारील. गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. मधली वाळू हाच त्यांचा बांध. सिलिकेसाठी तिला हात लावण्याचे कारण नाही, कारण तूस जाळल्यावर उरणारी राख बहुतांशी सिलिकाच असते, आणि कोकणात भाताच्या गिरण्या ठिकठिकाणी आहेत. मात्र उद्याच कोणी अंगणात बुरशी पसरू नये. रोगट बुरशी बंद पात्रात राखावी लागते, आणि स्फटिकी सिलिकेची कोरडी धूळ छातीत गेली तर फुफ्फुसे कायमची निकामी होतात. दगडखाणीतील कामगारांना होणारा सिलिकोसिस तो हाच. तेव्हा कण द्रावातच ठेवून ते स्वस्तात, मणामणाने कसे काढावेत, हा यापुढचा प्रश्न आहे.